हातचा

रविवार पेठेतले एक होलसेलवाले काका फोनवर ओटीपी सांगत होते. महिन्याची २० तारीख, दुपारचे साडेचार, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला, दोन्ही हात कीबोर्डवर. चार मारला, सहा मारला, तोवर काका पुढचे चारही आकडे बोलून मोकळे झाले होते. शेवटचा तीन तेवढा कानात राहिला, मधले कुठे गेले कोण जाणे. "काका, परत सांगता?" त्यांनी परत सांगितला. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "रेंज नाही वाटतं मॅडम तुमच्याकडे." मी म्हटलं, "हो ना, रेंजच नाहीये." ऑफिसचे मामा चहाचा ट्रे घेऊन मागे उभे होते, ते हसले. माझ्या फोनच्या सगळ्या दांड्या भरलेल्या त्यांना दिसत होत्या.

तो त्या दिवशीचा सहावा चहा होता.

मी ४३ वर्षांची. कुमठेकर रस्त्याच्या एका गल्लीत सीएंच्या ऑफिसात नोकरी करते, त्याला १९ वर्षं झाली. व्हॅटच्या काळात लागले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. घरी आणि ऑफिसात माझी ख्याती विसरभोळी अशी आहे. ती मला कधीच पटली नाही, कारण मी तसं काही विसरत नाही. जुन्या पन्नासेक क्लायंटचे जीएसटी नंबर मला तोंडपाठ आहेत. पंधरा अक्षरं असतात, पण पहिली दोन म्हणजे आपल्या राज्याची २७, पुढची दहा त्या माणसाचा पॅन, शेवटची तीन उरतात. २०११ साली कुणाच्या ऑडिटमध्ये कुठला व्हाउचर सापडत नव्हता तेही मी सांगेन. माझं अडतं ते आत्ताच्या आत्ता. उठून कपाटाकडे गेले की कशासाठी उठले ते जातं. सरांनी एका दमात तीन कामं सांगितली की मधलं गळतं. वाक्य बोलायला लागले आणि समोरच्यानं मध्ये "हो का?" म्हटलं, की माझं वाक्य संपलंच.

तिसरीत बाई शिकवायच्या, "सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक." मी पाच लिहायची आणि तो एक हातातून सुटायचा. बाई म्हणाल्या, बोट दुमडून ठेव. मी बोट दुमडायची आणि नंतर त्या बोटाकडे बघत बसायची की हे कशाचं. तेच पाढे म्हणाल तर तीसपर्यंत खडाखड, शिवाय आजोबांनी शिकवलेली पावकी आणि दिडकी. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नाही. या शेऱ्याचा पुढे ३४ वर्षांनी उपयोग होणार होता, तेव्हा कोणाला माहीत!

चहा कधी लागला ते सांगता येणार नाही, पण कॉफी कधी लागली ते सांगता येईल. बी.कॉम.ला असताना, सकाळी सातच्या लेक्चरला. प्यायल्यावर अर्ध्या तासात सर बोलतायत ते सलग ऐकू यायला लागलं. मला वाटलं, बाकीच्यांना हे असंच फुकटात ऐकू येतं की काय. तेव्हापासून जिथं डोकं लावायचं तिथं आधी कप. पुण्यात याला कोणी व्यसन म्हणत नाही. आमच्या ऑफिसपासून तीन मिनिटांच्या आत दोन अमृततुल्य आहेत. पितळी पातेल्यात उकळणारा, वेलदोडा-आलं ठेचून टाकलेला तो चहा पिताना आपण औषध घेतोय असं कुणाच्याही मनात येत नाही. पूर्वी क्लायंटला भेटायला गुडलक किंवा वैशालीत बसायचो, तिथंही हिशेब दोन कपांनी सुरू व्हायचा. अकरा आणि वीस तारखेच्या आसपास, म्हणजे रिटर्नच्या मुदतीला, मी एनर्जी ड्रिंकचे कॅन फ्रिजमध्ये आणून ठेवायची. सीए व्हायला आमच्याकडे शिकणारी, आर्टिकलशिपची पोरं हसायची. त्यांनी एकदा माझ्या ड्रॉवरवर "इंधन विभाग" अशी चिठ्ठी चिकटवली होती.

आणि फायदा व्हायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. डोळे उघडे राहायचे, हात चालायचे, कंटाळा मागे सरायचा. फक्त हातचा राहायचा नाही. हे कळायला मला वीस वर्षं आणि एक चूक लागली.

चूक अशी. सर आपल्या केबिनमधून ओरडून रकमा सांगत होते, मी भरत होते. "चार लाख त्र्याऐंशी हजार." मी भरले ४,३८,०००. टॅक्स कमी गेला आणि दोन महिन्यांनी ताळमेळ घालताना सापडलं. सरांनी कागदावर वजाबाकी केली, ४५,००० लिहिले, त्याखाली एक रेघ मारली आणि म्हणाले, "नवानं भाग जातोय. आकडे उलटवलेत तुम्ही." हिशेबनिसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरकाला नवानं पूर्ण भाग गेला की दोन आकड्यांची अदलाबदल आधी शोधायची. १८ टक्क्यांनी व्याज साधारण साडेतेराशे रुपये झालं, ते सरांनी स्वतःच्या खिशातून भरलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मॅडम, बरं वाटत नसेल तर दोन दिवस सुट्टी घ्या." त्या दिवशी माझे पाच चहा आणि एक कॅन झाला होता. म्हणजे झोपेत चूक झाली असं म्हणायची सोय नव्हती.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासायला लावलं. बी१२ चांगलंच कमी निघालं. यात नवल काही नाही. आम्ही पक्के शाकाहारी, आणि या भागातल्या लोकांत बी१२ किती कमी असतं हे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे आता सगळ्यांना माहीत झालंय. इंजेक्शनं घेतली. तळपायाच्या मुंग्या थांबल्या, जिना चढताना लागणारा दम गेला. मी खूश. पुढच्या २० तारखेला ओटीपी पुन्हा तीनदा विचारला.

मग मानसोपचारतज्ज्ञ. तिथं जायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत काय काय सबबी काढल्या ते लिहीत नाही. डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न आजच्याबद्दल विचारलाच नाही, शाळेबद्दल विचारला. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, म्हणायचं तर त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, मोठेपणी अचानक उगवत नाहीत. सांगलीला आईला फोन केला. तिनं ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं काढली आणि एकेक शेरा वाचून दाखवायला लागली. "हुशार आहे, पण लक्ष नाही. हुशार आहे, लक्ष कमी. हे चौथीचं, हुशार आहे, पण... अगं, हे तर सगळं एकच आहे की!" डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं.

त्यांच्याकडच्या सायकॉलॉजिस्ट मुलीनं चाचण्या घेतल्या. त्यातली एक अगदी साधी. ती एका सुरात, सेकंदाला एक, असे आकडे म्हणणार. आपण तसेच परत म्हणायचे. सहापर्यंत जमलं. मग म्हणाली, आता मी म्हणेन ते उलटे म्हणा. तीन आकडे जमले. चारला मी गप्प. पुन्हा चार दिले, पुन्हा गप्प. खिडकीबाहेर रिक्षा चाललेल्या आणि मी, १९ वर्षं आकड्यांची भाकरी खाणारी बाई, चार आकडे उलटे म्हणू शकत नव्हते. डोळ्यांत पाणी आलं. तिनं टिश्यूचा डबा पुढे सरकवला, अगदी सवयीनं. माझ्या आधीही बरेच जण इथं रडले असणार.

नंतर तिनं समजावलं. मेंदूत काही क्षण गोष्ट धरून ठेवायची आणि धरता धरता तिच्यावर काम करायचं, ती जागा म्हणजे वर्किंग मेमरी, कार्यस्मृती. मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये त्या जागेत मावणाऱ्या गोष्टींचा अंदाज सातच्या आसपास बांधला होता. २००१ मध्ये कोवान यांनी खरा आकडा चारच्या आसपास आहे असं मांडलं. पाढे असतात ते वेगळ्या कपाटात. मी म्हटलं, "म्हणजे हातचा." ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "हो, हातचाच."

डॉक्टरांनी औषधाचा विषय काढण्याआधी विचारलं, "चहा-कॉफी किती?"

"होतात चार-पाच."

"चार की पाच?"

हिशेबनिसाला असं विचारू नये. मी घरी जाऊन वही आखली. तारीख, वेळ, तपशील, कॅफीनचे मिलिग्रॅम, शेरा. आकडे अंदाजानंच धरावे लागले, आम्ही तरतूद करतो तसे. ऑफिसच्या चहाला ४०, घरच्या इन्स्टंट कॉफीला ६५. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर छापलेलं असतं. आपल्याकडे लिटरला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. साध्या दिवशी बेरीज २६५ आली. मी म्हटलं, हे काहीच नाही. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं धरतात. मग २० तारीख आली. सहा चहा, तीन कॉफी, दोन कॅन. २४०, १९५, १५०. एकूण ५८५. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: "६ वा. हात थरथरतो. ओटीपी ३ वेळा."

वहीमुळे आणखी एक कळलं. कॅफीन शरीरातून एकदम जात नाही, दर पाचेक तासांनी अर्धं होतं. माणसामाणसात थोडं कमीजास्त. हा तर आमचा घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा! संध्याकाळी पाचला अंगात १२० असेल तर रात्री दहाला ६०, पहाटे तीनला ३०. पुस्तकी किंमत कधी शून्य होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नवी खरेदी करतो. मी साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकायची आणि दीडपर्यंत पंखा बघायची. सकाळी झोप अपुरी म्हणून डोकं जड, डोकं जड म्हणून कॉफी. झोप कमी झाली की ही हातच्याची जागाही आक्रसते. म्हणजे ज्या भोकाला मी ठिगळ लावत होते ते रोज रात्री थोडं मोठं होत होतं.

डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते झोपेचा निरोप देतं. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, निरोप पोचत नाही. मला लगेच आमचे काही क्लायंट आठवले. खात्याची नोटीस न उघडता ड्रॉवरमध्ये टाकली की त्यांना वाटतं डिमांड मिटली.

गोळी सुरू करण्याआधी कॅफीन कमी करायचं ठरलं. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, कशाला लांबण लावायचं? शनिवारपासून एकदम बंद. रविवारी सकाळी आठला कपाळामागे ठोके पडायला लागले. दहापर्यंत उजेड नको, आवाज नको, कुकरची शिट्टी झाली तरी अंगावर काटा. सासूबाईंनी सुंठ उगाळून लेप लावला. शेवटी दुपारी घरातली डोकेदुखीची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात स्वर्ग. इतका झटकन गुण कसा आला म्हणून पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. वेदनाशामकाच्या जोडीला कॅफीन, ५० मिलिग्रॅम. महिन्याला अशा आठ-दहा गोळ्या मी घेत होते आणि त्या वहीत कुठेच नव्हत्या. लपवलेला खर्च! सोमवारपासून मुकाट्यानं डॉक्टरांच्या पद्धतीनं गेले. तीन आठवडे लागले. आता सकाळी सातला एक कॉफी, साडेअकराला एक चहा. बाराच्या पुढे काही नाही. मामा पहिले काही दिवस सवयीनं कप ठेवायचे, मी तो तसाच परत द्यायची. त्यांना वाटलं मी रुसले आहे.

डॉक्टरांनी रक्तदाब, नाडी, ईसीजी पाहिलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का विचारलं आणि मेथिलफेनिडेट लिहून दिलं. हे जुनं औषध आहे. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझॉन यांनी तयार केलं, आणि बायकोच्या मार्गरिट या नावावरून, ती रिटा, त्याला रिटालिन म्हटलं. टेनिस खेळण्याआधी ती घ्यायची म्हणे. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही द्रव्यं सुटली की परत शोषली जातात; हे औषध ते शोषणं अडवतं, म्हणून ती थोडी जास्त वेळ कामाला येतात.

लिहून दिलं, पण मिळणार कुठे? आपल्याकडे हे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं आणि औषधांच्या नियमांत शेड्यूल एक्समध्ये आहे. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत त्यानं दोन वर्षं जपून ठेवायची. पहिल्या दुकानात "ठेवत नाही" एवढंच उत्तर मिळालं, मान वर न करता. दुसरं दुकान एक ते चार बंद. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पुण्यात राहायचं तर घड्याळ बघून निघायला हवं, चूक माझी. तिसऱ्यानं चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुलासाठी का?"

"नाही, मला."

"तुम्हाला?" मागे उभ्या असलेल्या दोघांनी मान पुढे काढली. मी चिठ्ठी उचलली आणि बाहेर पडले. चौथं एका मोठ्या हॉस्पिटलच्या दारातलं. तिथल्या माणसानं काही न विचारता दोन्ही प्रती तपासल्या, एकीवर शिक्का मारून आपल्याकडे ठेवली, रजिस्टरमध्ये माझं नाव, पत्ता, डॉक्टरांचं नाव, नग, सगळं सुबक अक्षरात लिहिलं. मला ते रजिस्टर फार आवडलं. दर महिन्याला मी तिथंच जाते.

अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणाला होता, इकडून पाठवतो, इकडे याहून जोरदार मिळतात. तिकडची अॅम्फेटामिनवाली औषधं इथं दुकानात मिळत नाहीत आणि पार्सलनं मागवली तर तो सरळ गुन्हा. मी त्याला म्हटलं, तू आपलं बदामाचं पाकीट पाठव.

पाच मिलिग्रॅमनं काहीच झालं नाही. आठवड्यानं दहा केले. तो मंगळवार होता. साडेनऊला गोळी, सव्वादहाला सर केबिनमधून ओरडले, "एक लाख सत्त्याण्णव हजार." मी रकाना शोधला, चुकीच्या शीटवर होते, शीट बदलली, रकाना सापडला, आणि आकडा तिथंच होता. कुठे गेलाच नव्हता. वीज चमकली वगैरे काही नाही. उलट सगळं शांत. गल्लीतला हॉर्न ऐकू येत होता, पण तो गल्लीत होता. असं असतं होय, एवढंच मनात आलं. मग जरा रागही आला, कुणावर ते ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी गोळीचा गुण जरा जास्तच आला. मी साडेनऊ ते बारा व्हाउचरच्या फायलींना रंगीत लेबलं लावत बसले. प्रत्येक लेबल पट्टीनं मोजून. लक्ष एकदम घट्ट, पण कशावर, ते गोळी ठरवत नाही. तेव्हापासून गोळी घेण्याआधी दिवसाचं पहिलं काम कागदावर लिहिते आणि तो कागद कीबोर्डवर ठेवते. गोळीचा जोर असतो तीन-चार तास. एक सकाळी, एक दुपारी. चारच्या सुमारास उतरते तेव्हा तासभर मी कुणाशी न बोललेलंच बरं. भूक मेली. डबा अर्धा परत यायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भाजी आवडत नसेल तर सांग, तशी परत कशाला आणतेस?" दोन किलो वजन उतरल्यावर डॉक्टरांनी गोळी नाश्त्यानंतरच घ्यायची असं ठरवून दिलं.

एकदा स्वतःचं शहाणपण केलं. नात्यातलं लग्न होतं, मुहूर्त सकाळचा, त्याच दिवशी ऑफिसचं काम. गोळी घेतलेली, वर कार्यालयातली कॉफी दोनदा. पंगतीत बसल्यावर छातीत असं धडधडायला लागलं की शेजारणीला ऐकू जातंय की काय असं वाटावं. नवऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधलं, ११२ दाखवत होतं, आणि मी बसलेली. श्रीखंडाची वाटी तशीच सोडून उठले. डॉक्टरांनी नंतर जे सुनावलं ते मी सरांकडूनही कधी ऐकलेलं नाही. दोन्ही नाडी वाढवणारीच, एकावर एक ठेवायची नाहीत. तेव्हापासून गोळीच्या दिवशी सकाळची कॉफी अर्धा कप.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. चौदा-चौदा तास खुर्ची, मेसचा डबा आणि टपरीवरचा चहा. एका रविवारी जेवायला आला आणि भांडी आवरताना हळूच म्हणाला, "मावशी, दोन गोळ्या दे ना. फक्त मेन्सपुरत्या." मी नाही म्हटलं. "तुला चालतात, मला का नाही?" प्रश्न बरोबर होता, म्हणून बसून उत्तर दिलं. एक तर दुसऱ्याच्या नावावरची गोळी देणं हा गुन्हा आहे. आणि दुसरं, उपयोग नाही. २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना अशीच तीन औषधं आणि एक खोटी गोळी पाळीपाळीनं देऊन कोडी सोडवायला लावली. पिशवी एवढी, तिला झेपेल एवढं वजन, प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी, तर कुठल्या वस्तू भराव्यात? औषध घेतल्यावर पोरं जास्त झटली, जास्त वेळ लावला, आणि उत्तरं मात्र जास्त विस्कळीत आली. भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे माझं आत्ता चाललंय तसंच." हसलो दोघंही. जाताना त्याला मी वहीचं एक कोरं पान आखून दिलं, चहा मोजायला. त्यानं ते भरलं की नाही, विचारलं नाही.

आता माझ्या चुकांचं. मी आता त्यांचीही वही ठेवते. गोळीनं काय बदललं ते तीन महिन्यांच्या नोंदींत दिसलं. आकडे गळणं जवळजवळ थांबलं. कपाटापाशी जाऊन उभं राहणं निम्म्यावर आलं. नवरा रात्री गंमत म्हणून उलटे आकडे घेतो, तिथं तिनाचे चार झाले, पाच काही होत नाहीत. पण एक प्रकारची चूक तशीच राहिली, आणि सगळ्या फरकांना नवानं भाग जात होता. त्र्याऐंशीचे अडतीस. चौसष्टचे सेहेचाळीस. आकडा हातात राहत होता, पण उलटा. सायकॉलॉजिस्ट मुलीला वही दाखवली तर तिनं ते जोरात वाचलं. "त्र्या-ऐंशी. चौ-सष्ट. तुम्ही ऐकता त्याच क्रमानं लिहिताय." मराठीत एकक आधी बोलतो आणि लिहितो नंतर. ऐकलेलं धरायचं, उलटवायचं, मग टाइप करायचं. सगळ्यांना हे करावं लागतं, त्यांना कळतही नाही. माझ्याकडे जागाच मुळात दोन फळ्यांची, त्यातली एक या उलटवण्यात जाते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "सत्तावीस"बरोबर "वीस सात" आलं तेव्हा किती टिंगल झाली होती, आठवतंय? समितीच्या अध्यक्ष आपल्या पुण्याच्या डॉ. मंगला नारळीकर, त्या शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे हे शब्द जड जातात. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात जे विनोद झाले त्यातले दोन माझे होते.

सरांना हे सगळं सांगितलं, गोळीसकट. ते थोडा वेळ पेनाचं टोपण उघडमीट करत बसले. दुसऱ्या दिवशीपासून रकमा चिठ्ठीवर लिहून पाठवायला लागले. तक्रार फक्त मामांची, त्यांच्या फेऱ्या वाढल्या.

परवाची २० तारीख. संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे गोळी उतरून गेलेली, चहा बाराच्या आतच संपलेला, समोर पाण्याची बाटली. रविवार पेठेतले काका फोनवर. "हं, लिहा. सेहेचाळीस..."

"काका, थांबा. असं नका सांगू. चाळीस सहा, असं सांगा."

"काय?"

"चाळीस सहा. मग पुढचे दोन. असे जोडी जोडीनं."

पलीकडे शांतता. मग काका मोठ्यांदा हसले. "आमच्या नातवाच्या पुस्तकात होतं असं. आम्ही त्याला किती चिडवायचो! बरं, लिहा. चाळीस सहा."

"हं."

"वीस आठ."

"हं."

"नव्वद तीन. झालं का? की रेंज गेली?"

"झालं, काका."